बाहेरच्या खोलीतलं कवच

इमारतीचा हॉल भरून माणसं जिन्यापर्यंत उभी होती. मधोमध डोळे मिटून 'जाणते' महाराज बसले होते. शिवणकाम करणाऱ्या बाईंना म्हणाले, "बुधवारी निळी बशी फुटली. तुकडे सोफ्याखाली सारलेत." बाई पांढऱ्याफटक पडल्या. मग बोट माझ्याकडे वळलं.

"परवा दुपारी मुलीला फिट आली. तू तिचं तोंड पुसलंस आणि कुणाला सांगितलं नाहीस. फिटच्या गोळ्यांनीच ती आजारी आहे. बंद कर."

फिटचं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. सासूबाईंनी गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. नवरा म्हणाला, आठ दिवस बघू. पदवी असूनही माझी जीभ रेटली नाही. जाणत्यांना कळलं कसं, हेच मला कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिला फिट आली ती अर्धा तास थांबेना. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे?

तिच्या खाटेशी बसून मी एकेक गोष्ट आठवत गेले. जाणत्यांना दिसलं ते सगळं बाहेरच्या खोलीतलं. स्वयंपाकघरात मी रोज रडत होते, ते त्यांना कधी दिसलं नाही. बाहेरच्या खोलीत कॅमेरा असलेला कॉम्प्युटर होता. महिन्यापूर्वी त्यांचा शिष्य घरोघरी 'कवच' नावाचा प्रोग्राम टाकून गेला होता, शिवणाऱ्या बाईंकडेसुद्धा. फायरवॉल, म्हणजे प्रोग्रामांची ये-जा अडवणारी भिंत, बंद करायला लावताना म्हणाला होता, "भिंत ठेवलीत तर कृपा आत येणार कुठून, ताई?" कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, असंही बजावून गेला.

माझी धाकटी बहीण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिच्या सांगण्यावरून मी घरी आले, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बंद फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले की खाटेवरून पडून मुलीचा डावा हात मोडलाय.

रविवारी तिला घरी सोडलं. नवरा तिला कडेवर घेऊन जिन्यातच थांबला. हॉलमध्ये जाणत्यांनी डोळे मिटले. "डावा हात मोडला ना? श्रद्धा कमी पडली."

नवरा आत आला. मुलीनं डाव्या हातानं त्याची कॉलर घट्ट धरली होती.

"मग माझी बशी कुणाच्या डोळ्यांनी पाहिलीत, महाराज?" शिवणाऱ्या बाईंनी विचारलं.

बहिणीनं आमचा कॉम्प्युटर उचलून सगळ्यांपुढे आणला, हॉलच्या इंटरनेटला जोडला, फायरवॉल चालू केली आणि आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आधी विचारायला लावलं. लगेच चौकट उघडली: 'कवच' बाहेर माहिती पाठवू पाहत आहे. परवानगी द्यायची? तिनं 'नाही' दाबलं आणि कवचाचा फोल्डर उघडला. आत कॅमेऱ्यानं टिपलेली चित्रं होती. एकात मी मुलीचं तोंड पुसत होते.

"भिंत चालू असती आणि अशी लावलेली असती तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला असता," बहीण म्हणाली.

"ती बंद करतानाही एक प्रश्न आला होता," मी म्हणाले. "मी न वाचता 'हो' दाबलं."

जाणत्यांना पोलिसांनी नेलं. सासूबाईंनी गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या लांबलेल्या फिटनंतर मुलीला हल्ली शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की ती नुसतं बोट दाखवते. पुढे सुधारेल का, डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणून सांगते. कुणी तुमच्या घरातली गोष्ट अचूक सांगितली, तर पाया पडण्याआधी त्याला ती कळली कुठून ते शोधा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराची गोळी एक दिवसही थांबवू नका.