उतरलेला गंधार

मित्रांनो, दिल्लीतल्या मयूर विहारच्या एका शाळेत, दुसऱ्या मजल्यावरच्या संगीताच्या खोलीत जी सागवानी पेटी आहे ना, ती मी. इथे कुणी मला हार्मोनियम म्हणतं, कुणी बाजा. वय पस्तीस. अजूनही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचतो, आणि यात फुशारकी अजिबात नाही.

दिल्लीतल्याच एका कारागिराने मला घडवलं. लाकूड तासलं, भाता चढवला, पितळेची एकेक रीड सुरात लावली. पण माझे खरे दिवस आले ते संगीत शिकवायला हेमांगी मॅम आल्यावर. माहेर सांगलीचं, नवऱ्याची केंद्र सरकारात नोकरी, म्हणून दिल्लीत आल्या आणि इथल्याच झाल्या. समूहगानात कुणी एकट्याने चमकायचं नाही, शेजारचा ऐकू आला पाहिजे, असं त्या मुलांना बजावत. चोवीस गळ्यांचा एक आवाज करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. बक्षिसांनी कपाट भरलं. कौतुक मॅमचं व्हायचं, पण सूर माझा होता, बरं का!

त्या कौतुकात माझ्याकडे बघायचं मात्र राहून गेलं. पेटी दरवर्षी उघडून, साफ करून सुरात लावावी लागते. मॅम म्हणायच्या, "परीक्षा होऊ देत, मग बघू." अशी चार वर्षं गेली. आत धूळ साचली आणि माझा गंधार, म्हणजे सारेगममधला ग, केसभर खाली उतरला. रोज ऐकून ऐकून मुलांना तोच बरोबर वाटू लागला, आणि मॅमच्या कानालाही.

यंदा सातवीतली अक्षया गटात आली. घरी मराठी बोलणारी, पण भात्याला पंखा म्हणणारी दिल्लीकर पोर! गळा मात्र काय गोड! नोएडाच्या स्पर्धेसाठी बसवलेल्या गाण्यात तिचा गंधार बाकीच्यांपेक्षा वर लागायचा.

"अक्षया, चढतेयस तू. पेटीकडे कान दे."

"मॅम, मी ट्राय करतेय, पण मला तो वरच ऐकू येतो."

स्पर्धेला दहा दिवस उरले तेव्हा मॅम तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळा, तू नुसते ओठ हलव." अक्षया "ओके मॅम" म्हणाली आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आणि शिक्षा त्या पोरीला! पण पट्टी दाबल्याशिवाय आम्हाला बोलता येतं कुठे? आणि दाबली की तोच उतरलेला गंधार.

त्याच आठवड्यात माझा भाता फाटला. बरंच झालं म्हणायचं! पेटी दुरुस्त करणारे शंकरजी आले. भाता जोडून त्यांनी एकेक पट्टी वाजवली आणि मध्येच थांबले. "मॅडम, यह गांधार तो उतरा हुआ है. बहुत दिनों से." मॅमनी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलं, पट्टी दाबली, पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शंकरजींनी रीड साफ करून सुरात लावली.

दुसऱ्या दिवशी मॅमनी सगळ्या मुलांसमोर सांगून टाकलं, की कान स्वतःचा चुकला होता, अक्षयाचा गंधार बरोबर होता, आणि आता सगळ्यांनी तिच्या मागून गायचं. "चल अक्षया, लाव."

अक्षयाचे ओठ हलले. आवाज आलाच नाही! मुलं एकमेकांकडे बघू लागली. पोरीचे डोळे भरले.

मॅमनी माझ्यावरचे हात काढले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "मला माफ कर गं. घाई नाही. आज गाणं नाही झालं तरी बिल्कुल चालेल." त्या खरंच बसून राहिल्या. तासिका संपत आली तेव्हा अक्षया गायली. आधी पुटपुटली, मग मोकळा, स्वच्छ गंधार लागला. मॅमनी हळूच माझी पट्टी दाबली. आम्ही दोघी तंतोतंत जुळलो!

बाकीच्या तेवीस जणांना जुनी सवय मोडताना घाम फुटला. नोएडाला आमचा दुसरा नंबर आला आणि अक्षया पहिल्या रांगेत होती.

म्हणून मित्रांनो, आम्हा वाद्यांना वर्षातून एकदा तरी उघडा, झाडा, सुरात लावा. आमची दुरुस्ती एका दिवसाचं काम. पण गप्प केलेल्या मुलाचा आवाज परत येईलच असं नाही. आमच्या अक्षयाचा आला, म्हणून ही गोष्ट मी ताठ मानेने सांगू शकते.