चिगुसाची बरोबरी

मित्रांनो, मी सायकलची जुनी ट्यूब आहे. अंगावर पंक्चरची तीन ठिगळे आहेत. तोयामातल्या एका पोस्टमनच्या मागच्या चाकात राहून मी नऊ वर्षे पत्रे पोहोचवली. चौथ्यांदा फुटले तेव्हा त्याने मला फेकले नाही. कापून सरळ केले आणि मुलींच्या शाळेत ज्यूदोसाठी देऊन टाकले. ओरिहारा सरांनी मला खांबाला बांधले. मुली माझी दोन टोके धरतात, गर्रकन वळतात आणि समोरचीला पाठीवर घेऊन फेकण्याचा सराव करतात. गेली अकरा वर्षे कोण किती जोराने ओढते, हे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नाही.

त्या मुलींतल्या चिगुसाचा पहिला झटका बेताचाच असे. पण इतर मुलींचा दोनशेवा झटका निम्मा उरे. तिचा पहिल्यासारखाच लागे.

गेल्या वसंतात सरांनी मुलींची थुंकी जनुकांच्या चाचणीसाठी पाठवली. अहवाल आले, आणि भिंतीवरच्या नावांच्या लाकडी पाट्या त्या क्रमाने लागल्या. चिगुसाची पाटी शेवटी गेली. झटका देणाऱ्या स्नायूंतले एक प्रथिन तिच्या शरीरात तयारच होत नव्हते. शेजारच्या शाळेशी सामना तीन आठवड्यांवर आला होता. पाच जणींच्या संघातली तिची जागा जाणार, हे उघड होते.

"कासवा, तू आपली लांब पळायला जा," रित्सुको म्हणाली. संघात सर्वांत चपळ तीच.

"तुझ्याकडं आहे ना ते प्रथिन? मग काल माझ्याखालून निघता का आलं नाही?"

रित्सुको हसली. चिगुसाने मात्र पाट्यांकडे पाहिले नाही.

जीवशास्त्राच्या साकाकीबाई अहवाल घेऊन सरांकडे आल्या. "सर, असली माणसं आपल्याकडं चारात एक सापडतात. शेकडो खेळाडूंची सरासरी काढली तर फरक दिसतो, तोही थोडासाच. एकट्या मुलीची कुस्ती या कागदावरून कळत नाही."

"मग कशावरून निवडू, बाई?"

"अकरा वर्षं खांबाला काय बांधून ठेवलंय तुम्ही?"

मित्रांनो, त्या क्षणी माझी तिन्ही ठिगळे ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकेकीला माझ्यापुढे उभे केले आणि दोनशेपर्यंत झटके मोजत राहिले. संध्याकाळी त्यांनी चिगुसाला संघात चौथी घेतले.

त्या सामन्यात जिंकणारी मॅटवरच राहते. बरोबरी झाली तर दोघीही बाहेर. सरावासाठी मला तिथल्या कठड्याला बांधले होते, म्हणून मी सगळे पाहिले. आमच्या पहिलीने त्यांच्या तिघींना हरवले. मग त्यांची कर्णधार आली आणि तिने आमच्या तिघींना पाडले.

"तिला हरवू नकोस," सर चिगुसाला म्हणाले. "तिला सोबत घेऊन बाहेर ये."

चार मिनिटे चिगुसा तिला ओढत राहिली. तिसऱ्या मिनिटाला कर्णधाराची पकड सैल झाली. चिगुसाची झाली नाही. बरोबरी. त्यांच्या शेवटचीला आमच्या पाचव्या रित्सुकोने चाळीस सेकंदांत फेकले आणि सामना आम्ही जिंकला.

परतल्यावर रित्सुकोने स्वतः चिगुसाची पाटी काढून आपल्या पाटीशेजारी लावली. "कासवा, इथंच थांब," ती म्हणाली.

मित्रांनो, मला उन्हात टांगू नका. रबराला चिरा पडतात. आणि कुणाची पाटी शेवटी लावण्याआधी माझी दोन टोके त्याच्या हाती द्या. मग दोनशेपर्यंत मोजा.