पुलाचे क्यूब

"पोरीले हे असं काऊन शिकवून राहिले, सर?" काँक्रीटचा शेवटचा क्यूब प्रयोगशाळेच्या फरशीवर ठेवत दुधराम मिस्त्रीने विचारले. मागे भिंतीशी त्याची मुलगी भूमिका मान खाली घालून उभी होती.

रत्नपाल सर गोंदियाजवळच्या त्या महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या मुलांना व्यावसायिक नीतिशास्त्र शिकवीत आणि उरलेल्या वेळात ही प्रयोगशाळा सांभाळीत. काल वर्गात त्यांनी विचारले होते, डोळ्यांदेखत लबाडी होत असेल तर अभियंत्याने काय करावे? तेव्हा भूमिकाच उठली होती. बाबा काम करतात त्या दरेकशाकडच्या पुलात ओततात ते मिश्रण वेगळे. मजबुती तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचे ठोकळे, म्हणजे क्यूब, मात्र सिमेंट वाढवून भरतात, असे तिने सांगितले. सरांनी भर वर्गात तिला शाबासकी दिली. ठेकेदाराचा पुतण्या त्याच वर्गात बसतो, याचे भान त्यांना राहिले नव्हते.

"सकाळी ठेकेदार बोलला, 'तेरी बेटी तो बडी साहब बन गई, दुधराम. ये क्यूब पहुंचा, फिर घर बैठ.'"

"मी तक्रार करतो."

"कायची? फोडून पाहा ना आधी."

सरांनी क्यूब यंत्रात ठेवला. काटा हव्या त्या आकड्याच्या बराच पुढे गेला, तेव्हा कुठे तो कडकन फुटला. क्यूब पक्काच निघाला; लबाडी म्हणून अहवालात लिहिता येईल असे काहीच नव्हते.

"पुलातलाच तुकडा काढून तपासायला लावता येईल," सर म्हणाले.

"अन् मंग? क्यूब भरणारे हात त माहेच आहेत. ठेकेदार सुटन, मीच सापडन." दुधरामने खिशातून फोन काढला. "पोरगी माफी मागन त ठेवतो म्हणते मले कामावर. बोल, बाई."

भूमिकाने फोन घेतला नाही. तिने सरांकडे पाहिले. "सर, तुम्ही सांगा. काय बोलू मी?"

काल फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य सरांना आठवत होते. त्यातले एकही त्यांना दुधरामच्या तोंडावर म्हणता येईना.

भूमिकाने फोन घ्यायला हात पुढे केला.

"सर," दुधराम अदबीने म्हणाला, "मशीन बंद करता का जरा? तिचा आवाज त्याले आयकू येनार नाई."

सरांनी बटण दाबले. यंत्राच्या पंपाची घरघर थांबली आणि त्या शांततेत शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला, "हां अंकल, भूमिका बोल रही हूं..."