अक्काताईचं सॅम्पल

"आप्पा, आईचा आजार त्या बाईला कसा ठाऊक?" सोनलनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

बापूसोंनी चहाचं पातेलं खाली उतरवलं. बायको जाऊन सात महिने झाले होते आणि त्यांचा हात अजून दोघांचाच चहा टाकत होता.

"कुठली बाई?"

"कुठल्या तरी तपासणीवाल्यांची. तुमच्या आईच्या जीन्समधी दोष होता, तुमालाबी धोका हाय, आमचं पॅकेज घ्या म्हणती. फोन उचलला सासूनं! तवापासनं माझ्याकडं बघत्यात, जणू मी सांजंपतूर बी टिकायची न्हाय."

दोन वर्षांपूर्वी मुलानं, अभिनंदननं, पुण्याहून एक पेटी पाठवली होती. आत नळी. तीत थुंकून परत पाठवायची, मग आपलं मूळ कुठलं, पुढं कुठले आजार, सगळं मोबाइलवर कळणार. अक्काताईनं, म्हणजे बापूसोंच्या बायकोनं, ती भरून परत पाठवली होती.

"आईचंच चुकलं," सोनल म्हणाली. "काय लिवलंय बघायचं न्हाय, आपलं हो म्हणायचं. जल्मभर तेच केलं तिनं."

सोनलनं त्या नळीवाल्या कंपनीचा नंबर लावला, स्पीकर चालू करून फोन मधे ठेवला.

"बाई, माझ्या मंडळींची नळी तुमच्याकडं हाय," बापूसो म्हणाले. "त्या वारल्या. ती टाकून द्या आन् त्यांचं कागद कुणाला दावू नका."

"सॉरी सर. मृत्यूचा दाखला पाठवा, नमुना नष्ट करू. पण भागीदार संस्थांना गेलेली माहिती परत घेता येत नाही. मॅडमनी संमती दिली होती."

"बघा!" सोनल म्हणाली.

बापूसोंनी तीस वर्षं दूध संस्थेत दुधाच्या सॅम्पलचं फॅट मोजलं होतं. फॅट लागलं, आकडा लिहिला, की सॅम्पल ओतायचं आणि बाटली धुऊन पालथी घालायची. त्यामुळे अक्काताईनं नळी हातात धरून "थुकीचं पुढं काय करत्यात वो?" असं विचारलं, तेव्हा ते हसले होते.

"काय करत्यात? वतून टाकत्यात. आमी काय सॅम्पल जपून ठेवतो व्हय?"

"म्हंजे म्हशीच्या वळीत बसीवलंसा मला," ती म्हणाली होती.

मग मोबाइलवर अटींची बारीक अक्षरं आली. तिचा चष्मा सापडेना. "आणा हिकडं," म्हणत त्यांनीच चार ठिकाणी 'मान्य आहे' दाबलं होतं. वाचलं त्यांनीही नव्हतं.

"सोने," ते म्हणाले, "आईला बोलू नगंस. ते मी दाबलंय. ती इचारत होती, मीच तिला गप केलं."

सोनल त्यांच्याकडं बघत राहिली. डोळे भरले तसं तिनं तोंड फिरवलं.

"सर, आणखी काही मदत?" फोनमधून आवाज आला.

"व्हय. तुमच्या कागदावर दुरुस्ती करा. त्या बाईनं हो म्हटलं न्हवतं. नवऱ्यानं म्हटलंय."

"सर, सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही."

"नसू दे. तुमी लिवून घ्या."

बापूसो फोनजवळ वाकले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट, एकेक शब्द थांबत, लिहिणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून.