सातवं प्रकरण माझ्याकडे आहे

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. फार जुनी नाही, सहाच वर्षांची. पण धाकटी बहीण आल्यापासून मला सगळे जुनीच म्हणतात.

रोह्याच्या वैशालीताईंनी मला लिहिलं. सकाळी देवापुढे दिवा लावला की एक पान, असा त्यांचा नेमच होता. कुणी प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी पेणच्या एका छापखान्यात मला स्वतःच छापून घेतलं. तिथे एरवी लग्नपत्रिका निघत. त्या सवयीने माझ्याही पहिल्या पानावर 'श्री गणेश प्रसन्न' आलं. ताईंनी ते राहू दिलं, वर हळदकुंकू लावलं आणि मला खाडीकाठच्या गिरजाबाईंना नेऊन दिलं. कारण माझ्या सातव्या प्रकरणात त्यांची आई आहे. मिठागरात राबलेली, फुटत्या बांधाला पाठ लावून उभी राहिलेली काशीबाई.

गिरजाबाईंना वाचता येत नाही. त्यांची नात मनाली वाचायची, त्या ऐकायच्या. माझे कोपरे त्या घरात मऊ झाले. ते माझे सुखाचे दिवस.

मग पुण्याच्या एका प्रकाशकाने कादंबरी घेतली. रोह्यात प्रकाशन झालं, हार-नारळ झाले. तिथून गिरजाबाई नवी प्रत घेऊन आल्या आणि ती फळीवर माझ्याशेजारी बसली. काय तिचं गुळगुळीत कव्हर, काय तो पांढरा कागद. पाहुणे तिलाच हातात घेत. मनालीनेही फोटो काढला तो तिच्यासोबत. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू?

त्यात एक दिवस ताई पिशवी घेऊन आल्या. जुन्या प्रती विकू नका, एवढंच प्रकाशक म्हणाला होता. पण ताई शब्दाच्या इतक्या पक्क्या, की लोकांना दिलेल्या प्रतीही गोळा करत निघाल्या. त्या सगळ्या पेणजवळच्या जोह्याला, मूर्तिकारांच्या गावी जाणार होत्या, कागदी गणपतींच्या लगद्यासाठी. देवाच्या अंगी लागायचं म्हणजे पुण्यच. पण मला ते पुण्य नको होतं. मला कुणीतरी वाचायला हवं होतं.

"ही नाय मिळायची," गिरजाबाई म्हणाल्या.

"मावशी, नवी दिलीय ना तुम्हाला? गोष्ट तीच आहे."

"तीच? मनालीनं पुरती वाचली. सहावं झालं न् मिठागर गायब. माझी आय कुठं ठेवलीस गो?"

ताईंनी मान खाली घातली. "ते म्हणाले, तिथे गोष्ट रेंगाळते. इतक्या वर्षांनी कुणी छापतंय, म्हणून मी हो म्हटलं."

"रेंगाळंल नाय तर काय. बांध धरून उभी व्हती ती, कुठं जाईल?" मग आवाज खाली आला. "आयचा फोटू नाय घरात. हीच बारा पानं हायत."

ताईंनी पिशवीची घडी घातली. मला फळीवर नीट उभं केलं आणि नमस्कार करून गेल्या.

आईच्या तिथीला घरोघरी फोटोपुढे पान वाढतात. गिरजाबाई सातवं प्रकरण उघडून मला पाटावर ठेवतात, वर झेंडूचं फूल. मनाली वाचते. त्या दिवशी नवी फळीवरून नुसती बघत बसते आणि मला बरं वाटतं. हे चांगलं नाही, कळतं मला. एरवी पाहुणे आले की तीच हातोहात फिरते आणि मी पुन्हा जळते.

तर मित्रांनो, नवी आवृत्ती आली तर जरूर घ्या. पण जुनी रद्दीत टाकण्याआधी दोघींना शेजारी ठेवून एकदा वाचा. मधे कुणाची तरी आई गाळलेली असेल.