ओली पावलं

तिने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, दोन्ही पाय बादलीत बुडवले आणि न पुसता तसेच फरशीवर ठेवले.

"चला बाबा," ती म्हणाली. "मी पुढे आहे."

खोलीच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या वडिलांनी खाली पाहिलं. ओलं पाऊल नीट उमटलंय याची खात्री करून घेतली आणि काठी सावरत आपला पाय बरोबर त्या खुणेवर ठेवला. खूण तिची लहान, पाय त्यांचा मोठा. तरी जितका मावेल तितका त्यांनी तो आखडून घेतला होता.

बाहेर फाटकाशी वृद्धाश्रमाची गाडी येऊन थांबली होती. त्यांना सांगितलं होतं, डोळे तपासायला जायचंय. डॉक्टरचं नाव काढलं की हा माणूस एरवी घर डोक्यावर घ्यायचा. आज मात्र मुकाट्याने कोट चढवून, केस विंचरून तयार बसला होता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. आरडाओरडा केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

लढाईत त्यांचं काम सुरुंग शोधून काढायचं. ते पुढे, पलटण मागे. पुढच्याचं पाऊल जिथे पडेल तिथेच मागच्याने टाकायचं. लढाई संपली, पण ही चाल काही सुटली नाही. बाजारात जायचं असो की कुणाच्या लग्नाला, पुढे ते, त्यांच्या मागे आई आणि शेपटाला ही. "निघाले मेजर!" म्हणून गल्ली हसायची. मेजर कसले, साधे शिपाई होते. शाळेच्या वयात तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा नदीकाठच्या गवतात ती त्यांना चुकवून पुढे पळाली. ज्याने जन्मात कधी हात उगारला नव्हता, त्या माणसाने धावत येऊन तिच्या थोबाडीत दिली आणि मग स्वतःच खाली बसून कितीतरी वेळ थरथरत राहिला.

"एकदा एकजण माझ्या पुढे गेला होता," घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले होते. "भला माणूस होता. आपल्यात पुढे जायचं ते मी. कळलं?"

तिने मान हलवली होती, पण कळलं काहीच नव्हतं.

कळलं ते गेल्या आठवड्यात. इस्पितळाच्या धुलाईघरातली पाळी संपवून ती संध्याकाळी घरी आली, तर बाबा खोली आणि न्हाणीघराच्या मध्ये भिंतीला हात लावून उभे. सकाळी ती निघाली तेव्हाही तिथेच होते. पाय सुजलेले, पायजमा भिजलेला, टेबलावरचा चहा साय धरून तसाच.

"पुढची जागा कुणी बघितलेली नाही," लहान मुलाची समजूत घालावी तशा सुरात ते म्हणाले.

हात धरून ओढलं तर किंचाळले. शेवटी हताश होऊन तिने त्यांच्या पायाखालची फरशी पुसायला घेतली, फडकं पिळायला ओल्या पायांनीच न्हाणीघरात गेली आणि वळून पाहते तो बाबा मागे. तिच्या एकेका पावलावर पाय देत आलेले.

दुसऱ्या दिवशी तिने आश्रमाला फोन केला. रजा संपल्या होत्या, अधूनमधून त्यांच्याकडे बघून जाणारी शेजारीण मेटाकुटीला आली होती आणि तिच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं. सगळी कारणं खरी होती. कारणं खरी असली म्हणून जीव हलका होतो असं मात्र नाही.

बाहेरच्या सोप्यापर्यंत येता येता तिचे पाय सुकले. तिने हातातल्या मगमधलं पाणी पावलांवर ओतलं.

"घाई नको," मागून आवाज आला. "घाईनेच माणसं जातात. बघून टाक. मी आहे तुझ्या मागे."

या आवाजावर विसंबून एके काळी कितीजण घरी परतले असतील, आणि आज तो तिच्यावर विसंबून चालला होता. तिला स्वतःची शिसारी आली. तरी तिने पुढचं पाऊल टाकलं.

पायऱ्या झाल्या. अंगणातल्या तापलेल्या फरशीवरून दोघं फाटकाशी पोचली. निळ्या सदऱ्यातल्या माणसाने गाडीचं दार उघडलं.

"या आजोबा, सावकाश."

मागच्या सीटवर बाबांची उशी होती. सकाळी तिनेच गुपचूप नेऊन दिली होती. परक्या उशीवर त्यांना झोप लागत नाही म्हणून.

बाबा उशीकडे पाहत राहिले. डोळे तपासायला कुणी उशी घेऊन जात नाही, एवढं त्यांना अजून कळत होतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

त्यांनी तिचा दंड धरला आणि पूर्वीसारखं तिला आपल्या मागे ओढलं.

"हो मागे."

"बाबा, ऐका ना..."

"इथून पुढे मी."

खाली एकदाही न पाहता त्यांनी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. आत बसले, उशी मांडीवर घेतली आणि दार लागायच्या आधी वाकून म्हणाले, "तू यायचं नाहीस. आल्या पावली परत जा. पाय तिथेच टाक, इकडेतिकडे नको."

गाडी वळून दिसेनाशी झाली. ती मागे फिरली.

ऊन चढलं होतं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सगळी फरशी कोरडी झाली होती, एकही पाऊल उरलं नव्हतं. तिने पाय उचलला, पण तो कुठे टाकावा ते तिला कळेना.