देवामागची फ्लॉपी

ग्रीक अक्षरं मिळाली त्या दिवशी मिर्सीनीने सगळ्या आळीला कॉफी पाजली होती. मेलबर्नच्या भावाने पाठवलेला कॉम्प्युटर वर्षभर नुसता इंग्रजी बोलत बसलेला, आणि ग्रीक अक्षरं विकत घ्यायची तर घर विकायची पाळी. त्यातच मोठ्या बेटावरच्या छापखान्याने शिशाचे खिळे मोडीत काढले, पानं तयार करूनच आणा म्हणाला. आता मिर्सीनी काढायची ते वरच्या गावाचं पत्रक बंद पडणार, असं खालच्या गावाने परस्पर ठरवूनही टाकलं. मिर्सीनीने ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पत्रं टाकली. शेवटी टोरांटोच्या एका विद्यार्थ्याने स्वतः काढलेली अक्षरं फ्लॉपीवर घालून पाठवली. फुकट. अट एकच, कुणी मागितली तर प्रत द्यायची.

नेमकी तीच तिने पाळली नाही. खालच्या गावाचं पत्रक काढणारा दुकास औषधवाला एकदा टोपी हातात घेऊन आला.

"मिर्सीनीबाई, एक प्रत द्या की. तुमची अक्षरं काही झिजायची नाहीत."

"गेल्या सणाला पत्रकात आमच्या गावच्या मानाच्या बैलाला म्हातारा म्हणालात ना? मग दगडावर कोरा तुमच्या बातम्या."

धनावरच्या नागासारखी ती फ्लॉपीवर बसून राहिली. कॉम्प्युटरच्या पोटात काही साठत नसे. दर वेळी फ्लॉपी घालावी तेव्हा ग्रीक उमटायचं. म्हणून ती ठेवायची पनायाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीमागे. तिथे चोरसुद्धा हात घालत नाही.

ऑगस्टातला पनायाचा सण तोंडावर आला. परदेशी गेलेली माणसं बोटीतून उतरताच पत्रक मागणार, म्हणून पानं सकाळच्या बोटीने छापखान्यात पोचायला हवी होती. सणाचे दिवस, तेव्हा मिर्सीनीने तसबिरीला खेटून मोठा दिवा लावला होता. दुपारी फ्लॉपी काढायला गेली तर ती भाजलेल्या पापडासारखी वाकलेली, वर तेलाचा ओघळ. मजकूर दुसऱ्या फ्लॉपीवर शाबूत होता, पण या अक्षरांवाचून तो नुसता इंग्रजी कचरा. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"पनायाने मला शिक्षा केली," ती नवऱ्याला म्हणाली.

"तिला कशाला मध्ये ओढतेस? दिवा तू लावलास." इग्नातीस जरा चाचरला. "दुकासकडे प्रत आहे. ईस्टरच्या उपासात तू दुपारची झोपली होतीस, तेव्हा मीच फ्लॉपी नेली होती त्याच्याकडे. त्यांचं पत्रक तू हातात धरत नाहीस, म्हणून तुला कळलं नाही."

"माझ्या पाठीमागे?"

"तुझ्यासमोर नेली असती तर पोचली असती का?"

याच्यावर चिडावं की याचा मुका घ्यावा, तिला कळेना. जीव भांड्यात पडला होता एवढं खरं. पण आता नाक मुठीत धरून उतार उतरायचा होता, आणि अख्खा उतार तिला स्वतःची लाज वाटत राहिली.

इग्नातीसने फोन करून ठेवलाच होता.

"या, या," दुकास म्हणाला. "वरच्या गावाचा देव तळलेल्या फ्लॉप्या खातो म्हणे."

मिर्सीनीने गिळून घेतलं. "एक नको, दोन प्रती करा."

"दुसरी कुठल्या देवाला?"

"डोंगरापलीकडे पत्रक काढणाऱ्या पोलिक्सेनीला. तिलाही मी नाही म्हटलं होतं. पानं बोटीवर चढली की स्वतः देऊन येईन."

दुकास हसला नाही. खणातून दोन कोऱ्या फ्लॉप्या काढून त्याने पहिली यंत्रात सरकवली.

"आणि तो बैल?"

"म्हाताराच होता," मिर्सीनी म्हणाली. "आता आवरा लवकर, बोट सकाळची आहे."